हार्ट चेकअप पॅकेजचा रिव्ह्यू: बिल फाडलं मटणावर, चोर निघाली साय

लॅबचं नाव लिहीत नाही. मागं ॲपवर दोन स्टार दिले होते तर तीन दिवस कस्टमर केअरचे फोन, सर काय प्रॉब्लेम झाला, सर रेटिंग बदलता का, दुकानात गिऱ्हाईक समोर उभं आणि कानाला हे. तसंही अशी पॅकेजं सगळीकडं थोड्याफार फरकानं सारखीच असतात, त्यामुळं नाव नसलं तरी तुमच्या कामाला येईल.

तर पॅकेज असं की ॲपवरनं बुक करायचं, सकाळी घरी येऊन रक्त नेणार, 'संपूर्ण हार्ट पॅकेज ६४ टेस्ट', ४,५०० वर काट मारून १,९९९, वर डाएटिशियनचा फोन फुकट. मी हे दोनदा घेतलं आणि तिसऱ्यांदा वैतागून गल्लीतल्या लॅबमध्ये गेलो. मधल्या पाच महिन्यांत जे कळलं ते त्या ६४ टेस्टमध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं म्हणून एवढं टाईप करतोय, जरा लांबणार आहे.

मी ४३, कोल्हापूर, प्रिंटर कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान, म्हणजे दिवसभर बूड खुर्चीला. पोरवयात तालमीत जायचो, तेव्हाची दूध तूप खायची सवय राहिली आणि बैठका तेवढ्या सुटल्या. सिगारेट नाही, शुगर नॉर्मल, बीपी ठीक. पण आमच्या अण्णांची ५७ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, त्यामुळं चाळिशी ओलांडल्यापासनं बायको मागं लागली होती की अहो एकदा तपासून घ्या. घेतलं, गटारीच्या आधीच्या आठवड्यात, म्हटलं एकदाचा आकडा कळू दे मग काय ते बघू.

स्लॉट होता साडेसहा ते साडेसात. बारा तास उपाशी, चहासुद्धा नाही असा मेसेज. पोरगं आलं आठ चाळीसला, म्हणजे माझे चौदा तास झाले आणि चहाविना डोकं जे काय ठणकत होतं ते विचारू नका. पण एक कबूल करतो, त्या पोराचा हात लई हलका. दंडाला पट्टा बांधला, शीर चापपली, आणि मी दुसरीकडं बघेपर्यंत ट्यूब भरून झाकण लावलं पण. ट्यूबवर नाव माझ्यासमोर लिहिलं, थंड पिशवीत ठेवलं, पाणी प्यायला आणि पुढच्या घरी. त्याला कुणी एका सकाळी बारा घरं देत असेल तर तो तरी वेळेवर कसा पोचणार. (उपाशी राहायचं म्हणाल तर कोलेस्टेरॉलसाठी ते आता दर वेळी लागत नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये ज्या गाईडलाइन काढल्या त्यात उपाशी न राहता केलेली टेस्टही चालते म्हटलंय, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, फार वाढलेलं असेल तर मग उपाशीपोटी करायची. पॅकेजमध्ये शुगर पण असते म्हणून उपाशी ठेवत असतील, पण तसं सांगा की.)

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, १७ पानं. पहिल्या पानावर एक हार्टचं चित्र, अर्धं लाल. वय ३४ छापलेलं, म्हणजे आकडे उलटे. फोन करून दुरुस्त करून घेतलं, दोन दिवस गेले.

आता त्या ६४ टेस्टची गंमत ऐका. कोलेस्टेरॉलच्या भागात दहा ओळी होत्या. टोटल, एचडीएल (चांगलं म्हणतात ते), ट्रायग्लिसराइड, एलडीएल (वाईट म्हणतात ते), व्हीएलडीएल, नॉन एचडीएल आणि मग चार निरनिराळे रेशो. यातल्या मशीनवर मोजलेल्या फक्त तीन, टोटल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड. बाकी सात ओळी गणित. ट्रायग्लिसराइड भागिले पाच केलं की व्हीएलडीएल, टोटलमधनं एचडीएल आणि ते व्हीएलडीएल वजा केलं की एलडीएल, हे फ्रीडवाल्ड नावाच्या माणसाचं १९७२ चं सूत्र, बारीक अक्षरात कॅल्क्युलेटेड असं लिहिलेलं असतं. सूत्र वाईट नाही, वर्षानुवर्षं चालतंय, पण ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालत नाही, मग एलडीएल थेट मोजावा लागतो. माझं म्हणणं एवढंच की वजाबाकीचे पैसे टेस्ट म्हणून लावू नका. उरलेल्या ५४ मध्ये सीबीसीच्याच वीसेक ओळी, मग लिव्हर, किडनी, थायरॉइड, व्हिटॅमिन डी. हार्ट पॅकेजात व्हिटॅमिन डी कशाला ते त्यांनाच माहीत.

माझे आकडे: टोटल २३१, ट्रायग्लिसराइड १७०, एचडीएल ३९, एलडीएल १५८. एपोबी १२४.

पॅकेजात खरी कामाची चीज म्हणजे एपोबी आणि लायपोप्रोटीन लिटल ए. एलडीएल म्हणजे गाडीत माल किती भरलाय आणि एपोबी म्हणजे रस्त्यावर गाड्या किती, कारण प्रत्येक कणाला एपोबीचा एकच रेणू असतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात त्या गाड्या, त्यामुळं गाड्या मोजलेल्या बऱ्या. आणि लिटल ए, एलडीएलसारखाच एक कण, हे तर जन्मजात, आईबापाकडनं आलेलं, मटण सोडा दूध सोडा ते जवळजवळ हलत नाही. आपल्याकडं साधारण चारातल्या एकाला ते वाढलेलं असतं, म्हणून आयुष्यात एकदा तरी करा असं त्याच गाईडलाइनमध्ये आहे. डेसीलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर जोखीम जास्त. माझं १८ आलं, अण्णांचा इतिहास बघता मी सुटकेचा श्वास सोडला. पण ही ओळ कुठं होती माहितेय, सातव्या पानावर व्हिटॅमिन डीच्या खाली, आणि फुकटच्या फोनवर त्याबद्दल चकार शब्द नाही.

तो फोन. सात मिनिटं. बाई बोलायला चांगल्या होत्या, पण समोर काहीतरी लिहिलेलं वाचत होत्या हे कळत होतं. नॉनव्हेज खाता का सर. खातो. कोल्हापूर ना सर, मग खातच असणार, हे हसून. रेड मीट बंद करा, चिकन चालेल, प्रोटीनसाठी पनीर घ्या, दूध घ्या. दूध किती पिता, कसलं पिता, तूप किती, साय खाता का, एक प्रश्न नाही. मग पीडीएफ आलं, त्यात ॲव्होकाडो, केल, किन्वा. लक्ष्मीपुरीच्या भाजी मंडईत केल मागून बघा एकदा, काय उत्तर मिळतंय ते मला पण सांगा.

मी मनावर घेतलं. तसाही श्रावण लागणार होता, आमच्यात श्रावण ते गणपती विसर्जनापर्यंत घरात वशाट शिजत नाही. म्हटलं सोन्याहून पिवळं, दीड महिना मटण बंद, अंडं पण बंद, उतरतोय की एलडीएल. पाळलं पण कडक, मित्राच्या पार्टीला गेलो आणि सोलकढी पिऊन आलो.

गणपती झाल्यावर दुसऱ्यांदा तेच पॅकेज. रिपोर्ट: टोटल २४०, ट्रायग्लिसराइड १७५, एचडीएल ३८, एलडीएल १६७. एपोबी १३१.

वाढला. मटण सोडून वाढला. मी दोनदा वय आणि नाव तपासलं.

त्यात भर म्हणजे एचएस सीआरपी ११.२, त्यापुढं लाल बाण आणि मोठ्या अक्षरात हार्ट अटॅकचा धोका उच्च. बायकोनं तो मेसेज माझ्या आधी वाचला, दुकानात फोन, आवाज कापतोय, अहो असाल तसे घरी या. मी शटर ओढून घरी, घरातनं थेट डॉक्टरांकडं. आमचे फॅमिली डॉक्टर मला लहानपणापासनं बघतायत, रिपोर्ट हातात घेतला आणि पहिला प्रश्न, "सर्दी झालीय का रे तुला?" होती की, विसर्जन मिरवणुकीत भिजलो होतो, तीन दिवस नाक वाहत होतं. ते म्हणाले, सीआरपी अंगातली कुठलीही सूज दाखवतो, सर्दीतापात सरसकट चढतो, १० च्या वर गेला तर आधी बरा हो आणि मग परत कर, हार्टचा अर्थ त्यातनं आत्ता काढायचा नाही. तीन आठवड्यांनी परत केला तर १.३. आता हे एक वाक्य त्या रिपोर्टमध्ये लाल बाणाशेजारी छापायला काय जात होतं? एक स्टार मी त्या संध्याकाळसाठी कापलाय, बायकोचा रडवेला चेहरा बघून.

मग डॉक्टर एलडीएलकडं वळले.

"काय पैलवान, मटण सोडलंस म्हणे?"

"सोडलं की डॉक्टर. दीड महिना शिवलो नाही."

"मग खाल्लंस काय?"

आणि मी सांगायला लागलो तसं माझं मलाच कळत गेलं. सोमवार शनिवार उपास, म्हणजे तुपातली साबुदाणा खिचडी. नारळी पौर्णिमेला नारळीभात. ऑम्लेटच्या जागी पनीर बुर्जी, कारण फोनवरच्या बाईंनी सांगितलेलं. पुरणपोळी दूध तूप घालून, मोदक फोडून त्यात तुपाची धार. आणि रोजचं दूध तर आहेच.

"दूध कुठलं?"

"म्हशीचं. गवळी घालतो, दोन लिटर."

डॉक्टर हसले नुसते. एलडीएल ९ नं वाढला तो सगळा खाण्यानं वाढला असं धरू नको म्हणाले, एकाच माणसाचा एलडीएल कारण नसताना पाच दहा टक्के इकडं तिकडं होतो, ट्रायग्लिसराइड तर वीस टक्के पण हलतं, पण उतरला नाही हे नक्की. कोलेस्टेरॉलची गोळी आत्ता देत नाही, बारा आठवडे देतो, स्वैपाकघरात काय येतंय ते मोजून आण.

माणूस यंत्रं दुरुस्त करणारा आहे, मोजायला सांगितलं की मी मोजतो. घरी वजनकाटा आहे, केक करायला आणलेला. आईचा शिरस्ता असा की दूध तापवून गार करायचं, रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी झाऱ्यानं साय उचलायची. म्हशीच्या दुधाची साय म्हणजे पापड नव्हे, घडी घातली तर घडी राहते, खालच्या बाजूला दुधाचे ओघळ, वरनं पिवळसर आणि कडेला पातेल्याला चिकटलेली जाड किनार. ती किनार चमच्यानं खरवडून मी खायचो, लहानपणापासनं, भाकरीवर साय आणि वर शेंगदाण्याची चटणी, हा माझा नाष्टा. उरलेली सटात, तिला विरजण, चार दिवसांनी लोणी, मग तूप, कढवताना विड्याचं पान, आणि शेवटी बेरी साखर घालून, ती पण माझीच. म्हणजे गाईडलाइनवाल्यांनी जे काय टाळा म्हणून लिहिलंय ते सगळं आमच्या घरात एका पातेल्यातनं निघत होतं आणि सगळं एकाच माणसाच्या ताटात जात होतं.

हिशोब मांडला. पाकिटावर बघा, टोन्ड दुधात फॅट ३ टक्के, डबल टोन्डमध्ये १.५, फुल क्रीममध्ये ६. आमच्या गवळ्याचं साडेसहा लागतं. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला, दिवसात तीन चहा, साय धरून माझ्या पोटात ६०० मिली दूध सहज. म्हणजे ३९ ग्रॅम फॅट, दुधाच्या फॅटमध्ये दोन तृतीयांशाला जरा कमी सॅच्युरेटेड (गार झालं की गोठतं ते), म्हणजे साधारण २५ ग्रॅम. तुपाचे चार चमचे, चमच्याला ३ धरले तर १२. झाले ३७. एका दिवसाचे. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाच्या कॅलरीतल्या १० टक्क्यांपेक्षा कमी सॅच्युरेटेड ठेवा, २,००० कॅलरी धरल्या तर २२ ग्रॅम. मी ती हद्द मटणाचा तुकडा तोंडात न घालताच ओलांडत होतो, रोज.

आणि मटण? आमच्यात रविवारी एक किलो, पाच माणसांत. बोकडाचं मटण तसं फार चरबीचं नसतं, चाप आणि चरबीचे तुकडे मुद्दाम घातले तर गोष्ट वेगळी. पहिल्या रविवारी मी अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, सकाळी वर पांढरी वडी जमलेली, कुरकुरीत, उचलून काट्यावर ठेवली तर ५८ ग्रॅम. पाचात भागली तर प्रत्येकी बारा ग्रॅमच्या आत आणि त्यातलं निम्मं सॅच्युरेटेड. मांसात उरलेलं आणि पांढऱ्या रश्शातलं नारळाचं दूध धरा (नारळाचं फॅट बहुतेक सॅच्युरेटेडच असतं, शाकाहारी म्हणून त्याला सूट नाही), सढळ हातानं २० ग्रॅम म्हणा. आठवड्यातनं एकदा वीस. आणि दुधातुपाचे आठवड्याचे २५९.

मी तो कागद आईला दाखवला. आई म्हणाली, "ही आकडेमोड दुकानात कर. दूध सोडलं तर अंगात ताकद कुठनं येणार रे तुझ्या?"

आता सॅच्युरेटेड फॅटनं एलडीएल वाढतो कसा, हे मला डॉक्टरांनी सांगितलं ते इतकं सोपं होतं की हे फोनवर सात मिनिटांत सहज बसलं असतं. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात (ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीनना १९८५ चं नोबेल आहे). सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की हे रिसेप्टर ढिले पडतात, पकडणारे हात कमी झाले की एलडीएल रक्तात फिरत राहतो. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम बहुतेकांत त्यामानानं कमी, म्हणून अमेरिकेनं २०१५ च्या गाईडलाइनमधनं ती ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली. याचा अर्थ भेजा फ्राय रोज खा असा नाही, भेज्यात १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल असतं, काही माणसांत ते चढतंच.

हे सगळं मी आमच्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि युद्ध पेटलं. इथं जरा दमानं सांगतो कारण दोन्ही बाजूंकडं खरा दारूगोळा आहे. एकानं प्युअर स्टडी टाकली, २०१८ ची, २१ देशांतली १ लाख ३६ हजार माणसं, भारत पण त्यात आहे, दूध दही खाणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यू कमी दिसले. खरी गोष्ट आहे. पण ती नुसती निरीक्षणाची पाहणी, ज्याच्या ताटात दूध आहे त्याच्या घरात बाकी पण बरंच काही असतं, आणि रोज ३७ ग्रॅमवाला माझ्यासारखा गडी त्यात किती असणार. दुसऱ्यानं लिहिलं पैलवान काय मरतात काय रोज दूध तूप बदाम खाऊन. अरे भावा, ते पहाटे चारला उठून मातीत दोन दोन तास घाम गाळतात, आपण प्रिंटरचं टोनर बदलतो.

तिसरा मात्र चिकनवाला, म्हणाला मटणाच्या जागी चिकन, विषय संपला. फोनवरच्या बाई पण तेच म्हणाल्या होत्या. तर २०१९ मध्ये अमेरिकेत ११३ माणसांवर प्रयोग झाला, प्रत्येकाला चार चार आठवडे रेड मीट, चिकनसारखं पांढरं मांस आणि मग डाळी बिळीचं प्रोटीन असं आळीपाळीनं दिलं. रेड आणि पांढऱ्यात एलडीएल सारखाच निघाला, डाळीवर दोन्हीपेक्षा कमी. आणि सॅच्युरेटेड जास्त असलेल्या गटात तिन्ही जेवणांवर एलडीएल वर. रेड मीटचा एक वेगळा गुन्हा आहे, ते खाल्ल्यावर आतड्यातल्या जंतूंमुळं टीएमएओ नावाचं द्रव्य रक्तात वाढतं, ते हृदयाला बरं नाही असं मानतात, त्यामुळं मटण निर्दोष सुटलं असं मी म्हणत नाही. सॉसेज, सलामी तर नकोच, मिठानं बीपी वर. पण कोलेस्टेरॉलच्या केसमध्ये माझ्या घरात तरी ते किरकोळ आरोपी.

स्टॅनफर्डची २०२३ ची जुळ्यांची स्टडी मला सगळ्यात पटली. २२ जोड्या, सख्खी एकसारखी जुळी, एकाला आठ आठवडे पूर्ण व्हीगन आणि दुसऱ्याला चांगलं पण मांसाहारी जेवण. व्हीगनवाल्यांचा एलडीएल जवळजवळ १४ नं जास्त उतरला. पण बघा, त्यांनी मांसाबरोबर दूध, तूप, चीज, अंडी सगळं सोडलं होतं. मी श्रावणात काय केलं, मांस सोडलं आणि त्या जागी दूधदुभतं भरलं. म्हणजे अर्धा प्रयोग उलट्या दिशेनं.

सगळं दूधदुभतं एका मापात पण मोजता येत नाही. दुधातली चरबी मुळात बारीक थेंबांत असते आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण. स्वीडनमध्ये २०१५ ला एक प्रयोग झाला, एका गटाला चरबी क्रीममधनं, म्हणजे आवरणासकट, दुसऱ्याला तेवढीच चरबी बटर ऑइलमधनं, म्हणजे आवरण निघून गेलेली. बटर ऑइलवाल्यांचा एलडीएल चढला, क्रीमवाल्यांचा तसा चढला नाही. बटर ऑइल म्हणजे आपल्या तुपाचा भाऊच की हो. आणि लोणी काढताना ते आवरण जातं कुठं, तर ताकात. म्हणजे आईच्या रवीखाली ताक गडूतनं पाहुण्यांना गेलं आणि तूप आमच्या ताटात आलं.

मग मी काय केलं ते सांगतो, बारा आठवडे. गवळ्याचं एक लिटर बंद, माझ्यापुरतं टोन्ड, दोन चहा आणि एक वाटी दही. तूप भाकरीवर एक चमचा, तेवढा ठेवला, तो नसेल तर मी घर सोडून जाईन. पनीर बंद, १०० ग्रॅममध्ये वीस ग्रॅमच्या आसपास फॅट असतं त्यात. सकाळी साय भाकरीच्या जागी मटकी नाहीतर मुगाची उसळ, हुलग्याचं माडगं, जवसाची चटणी, शेंगदाणे. ओट्स चार दिवस खाल्ले आणि पाचव्या दिवशी पोराच्या मांजराला घातले, तिनं पण नाही खाल्ले. रात्री इसबगोल. संध्याकाळी रंकाळा तलावाला एक फेरी. आणि मटण महिन्यातनं दोनदा, वडी काढून टाकलेल्या रश्शात, वर कट कमी. पांढरा रस्सा एक वाटी, तीन नाही. चरबी काढलेला रस्सा तेवढा लागत नाही हे खरं, जिभेवर तो तुपकट थर बसत नाही, पण तांबड्याला चव मसाल्याची, त्यात फार फरक पडला नाही.

पहिले दोन आठवडे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरनं जाणं टाळायचो. समोर म्हैस पिळून तो फेसाळ पेला हातात देतात ना, कोमट, ओठाला पांढरी मिशी, ते बघून पाय आपोआप थांबायचे.

तिसऱ्या वेळी पॅकेज नाही. गल्लीतली लॅब, मॅडम स्वतः पॅथॉलॉजिस्ट, भिंतीवर लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं सर्टिफिकेट, बसायला चार खुर्च्या आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर. मला फक्त लिपिड आणि एपोबी पाहिजे म्हटल्यावर मॅडमनी वर बघितलं, म्हणाल्या एपोबी मागणारं कुणी येत नाही फारसं. १,०५० रुपये झाले, दहा मिनिटात बाहेर, संध्याकाळी एका पानाचा रिपोर्ट, हार्टचं चित्र नाही. मागचे रिपोर्ट दाखवले तर त्यांनी एक गोष्ट सांगितली, दर वेळी लॅब बदलू नका, मशीन बदललं की आकडा थोडा बदलतो, आता इथंच या. बरोबर आहे, माझ्या तुलनेत ती खोट राहतेच.

टोटल २०३, ट्रायग्लिसराइड १४५, एचडीएल ३९, एलडीएल १३५. एपोबी १०९.

३२ नं उतरला. मटण खाऊन. आता शहाणपणा करत नाही, यात साय आहे, इसबगोल आहे, रंकाळा आहे आणि वजन तीन किलो कमी झालं ते पण आहे, सगळ्याचा वाटा वेगळा काढायला मी काय प्रयोगशाळेतला उंदीर नाही. एचडीएल ढिम्म हललं नाही, पण त्याचं मला दुःख नाही, आयसीएमआरच्या पाहणीत महाराष्ट्र धरून चार ठिकाणची माणसं तपासली तर ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमीच निघालेलं, आपली जातच ती. डॉक्टर म्हणाले चांगलं आहे पण नाचू नको, १०० च्या खाली पाहिजे, वडिलांचा इतिहास आहे, मार्चमध्ये परत बघू आणि तेव्हा गोळीचं बोलू. मी म्हटलं बोलू.

तर रेटिंग. पॅकेज पहिल्यांदा घ्यायला हरकत नाही, एपोबी आणि लिटल ए एका फटक्यात होतात, ते सुटे केले तर महाग पडतात. पण एकदाच. लिटल ए दुसऱ्यांदा करून मी पैसे पाण्यात घातले, १८ चं १९ आलं. नंतर जवळच्या लॅबला नुसतं लिपिड, जमलं तर एपोबी. सर्दी ताप असताना रक्त देऊ नका. फुकटचा डाएटिशियन फोन आला तर तुम्हीच आधी सांगा दूध कुठलं आणि किती, ते विचारणार नाहीत. ॲपवरचा लाल बाण बायकोच्या मोबाईलवर जाईल असा नंबर टाकू नका.

ॲपला दोन स्टार. रक्त काढणाऱ्या पोराला वेगळे पाच, पण ते द्यायला ॲपमध्ये जागा नाही, म्हणून इथं देतोय.